उंचीला साजेशी सायकल

चि. मुक्ता हिस,


काल दादाचा फोन आला आणि आत्याच्या पोटात गोळा आला. मुक्ता वेताळ टेकडीच्या उतारावर मित्राच्या सायकलवरून पडली, कोपर सोलवटलं, आणि तरी तीच 29 इंची, मीडियम फ्रेमची सायकल स्वस्तात मिळतेय म्हणून घेणार आहे म्हणे. खरं आहे का हे? पाच फुटांची पोरगी! गणवेश वाढत्या अंगाचा घेतात, सायकल नाही.

आधी एकच कर. सीटवरून पुढे उतरून दोन्ही पाय टेकवून उभी राहा. वरच्या नळीच्या वर दोन इंच तरी मोकळी जागा राहते का? दगडात चाक अडकलं की माणूस पाय खाली टाकतो, आणि उतारावर जमीन नेमकी तिथेच खोल असते. दादा म्हणाला, तू अशीच पडलीस.

29 चं चाक वाईट मुळीच नाही. खडबडीत वाटेवर ते सहज पुढे जातं. त्याच्या रिमचा व्यास 622 मिलिमीटर, 27.5 चा 584. पण लहान फ्रेमवर ते बसवलं की हँडल उंच जातं, वळताना चवडा पुढच्या चाकाला लागू शकतो, आणि तीव्र उतारावर अंग मागे नेलं की मागचा टायर घासतो. स्वित्झर्लंडचा सायकलपटू नीनो शुर्टर 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये 27.5 च्या चाकांवर रौप्यपदक जिंकला आणि 2016 मध्ये रिओला 29 वर सुवर्ण. चाकावरून तंटा नकोच. ट्रेक कंपनीच्या मार्लिन सायकलला छोट्या मापांत 27.5 ची चाकं देतात, ती उगाच नाही. डाउनहिलवाले तर 2019 पासून पुढे 29, मागे 27.5 अशी जोडीही शर्यतीत वापरतात.

बाकीचं नंतर सुधारता येतं. क्रँक 170 ऐवजी 165 मिलिमीटरची घालता येते. हँडल दोन्हीकडून कापता येतं. ब्रेकचा लिव्हर स्क्रू फिरवून बोटांजवळ आणता येतो. सस्पेन्शन हवेचं असेल तर तुझ्या वजनाप्रमाणे हवा कमी करता येते. नाहीतर हलक्या अंगाखाली ते दबतच नाही. फ्रेम मात्र कापता येत नाही. म्हणून पुन्हा विचारते, उभी राहून पाहिलंस का?

आत्या दादाची 24 इंची सायकल नळीखालून पाय घालून शिकली. पडली की घरात सगळे म्हणायचे, भित्री आहे. सायकल मोठी आहे, असं एकानेही म्हटलं नाही. अकरावीत तिने सायकल सोडली, आणि त्याची चुटपुट अजून आहे. तू भित्री नाहीस. पडूनही पुन्हा टेकडीवर जायचं म्हणतेस, याचा मला केवढा अभिमान वाटतो!

रागावले, मनावर घेऊ नकोस. रविवारी मी पुण्याला येते. दुकानात जाऊन स्मॉल आणि एक्स्ट्रा स्मॉल, दोन्हींवर तुला उभी करून बघू. पैसे कमी पडले तर दादाला बोलू नकोस, मला सांग. तोवर त्या सायकलचा विसार देऊ नकोस, आणि कोपराला रोज मलम लाव.

तुझी,
सुमनआत्या