डिस्ट्रिक्ट बदलण्याआधी

मुलं चौथी-पाचवीत गेली की न्यू जर्सीतल्या एडिसनपासून टेक्ससमधल्या फ्रिस्कोपर्यंत अनेक मराठी घरांत हा विषय निघतो: चांगल्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये घर घ्यायचं का? अमेरिकेत सरकारी शाळा बहुतेक ठिकाणी पत्त्यावरून ठरते आणि शाळेच्या खर्चाचा मोठा वाटा तिथल्या घरपट्टीतून येतो. ही पद्धत घटनाबाह्य नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली सॅन अँटोनिओच्या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी दिला. शाळा हवी तर घर हलवा, हे व्यवस्थेनेच पालकांच्या गळ्यात घातलं आहे, त्यामुळे या धडपडीबद्दल त्यांना नावं ठेवणं मला पटत नाही. पण दहापैकी नऊ रेटिंगसाठी एवढं कर्ज काढायचं, तर त्यातून मुलाच्या पदरात नेमकं काय पडतं, हे पाहायलाच हवं.

स्टॅनफर्डचे शॉन रिअर्डन यांनी देशभरातल्या तिसरी ते आठवीच्या मुलांचे गुण एकत्र करून तपासले. डिस्ट्रिक्टचे सरासरी गुण पालकांच्या उत्पन्नाशी आणि शिक्षणाशी घट्ट जोडलेले निघाले. मुलं दरवर्षी किती पुढे सरकतात, याचा मात्र श्रीमंतीशी फारसा संबंध आढळला नाही. शिकागोचे सरासरी गुण कमी, पण तिथली मुलं पाच वर्षांत सुमारे सहा वर्षांचं शिकत होती. म्हणजे नऊचा आकडा बऱ्याच अंशी तिथल्या आईवडिलांच्या पदव्यांचा असतो, आणि ते भांडवल बहुतेक मराठी घरांत आधीच असतं. म्हणून एकूण रेटिंग पाहून थांबू नका. विद्यार्थ्यांच्या प्रगतीचा आकडा वेगळा मिळत असेल, तर तो आधी पाहा.

यावर पालकांचं म्हणणं असं, की शिक्षक सगळीकडे सारखेच धरले तरी संगत तर चांगली मिळेल ना? संगतीचं महत्त्व मी नाकारत नाही. पण बॉस्टन आणि न्यूयॉर्कच्या प्रवेश परीक्षेच्या नामांकित शाळांचा २०१४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास बोलका आहे. थोडक्यात प्रवेश मिळालेली आणि थोडक्यात हुकलेली मुलं पुढे परीक्षांत जवळपास सारखीच निघाली, आजूबाजूला हुशार मुलं जास्त असूनही. शिवाय या संगतीचीही किंमत मोजावी लागते. न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो डिस्ट्रिक्टला मुलांवरचा ताण पाहून २०१५ साली हायस्कूलच्या सहामाही आणि वार्षिक परीक्षा बंद कराव्या लागल्या. टेक्ससमध्ये तर सरळ हिशेबच आहे: तिथल्या सरकारी विद्यापीठांतला हमीचा प्रवेश शाळेतल्या क्रमांकावर मिळतो आणि ऑस्टिनच्या विद्यापीठासाठी आता वरच्या पाच टक्क्यांतच यावं लागतं. जिथे प्रत्येक वर्गात चुरस आहे, तिथे हुशार मुलाचाही क्रमांक घसरतो.

मग घर बदलूच नये का? तसं नाही. माझ्या मते निर्णय दोन गोष्टींवर ठरावा: मुलाचं वय आणि आताच्या शाळेत न भागणारी एखादी ठरावीक गरज. अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात गरीब वस्त्यांतून हललेल्या कुटुंबांचा माग काढला. तेरा वर्षांच्या आत हललेल्या मुलांची मोठेपणीची कमाई ३१ टक्क्यांनी जास्त निघाली. त्याहून मोठ्या मुलांना फायदा दिसला नाही, उलट थोडं नुकसानच झालं असावं. ती कुटुंबं अत्यंत गरीब होती, आपली तशी नाहीत, हा आक्षेप बरोबर आहे आणि ३१ टक्क्यांचा आकडा आपल्याला लागू करू नये. पण मोठ्या मुलाला हलवणं अवघड जातं, हे हायस्कूलच्या गणितातही दिसतं. बारावीला कॅल्क्युलस घ्यायचं तर अल्जेब्रा १, जिऑमेट्री, अल्जेब्रा २, प्रीकॅल्क्युलस अशा पायऱ्या चढाव्या लागतात, म्हणजे अल्जेब्रा १ आठवीतच व्हायला हवं. नव्या डिस्ट्रिक्टमध्ये ही निवड सहावीतच झालेली असेल, तर आठवीत दाखल झालेलं मूल मागे पडतं आणि उन्हाळी वर्ग करून भरपाई करावी लागते. जुनी प्लेसमेंट मान्य होते का, जीपीएचं वजन कसं धरतात, हे घर पाहण्याआधी काउन्सेलरला ईमेल करून लेखी विचारून घ्या.

शाळेत मूल सुरक्षित नसेल, दादागिरीच्या तक्रारी करूनही कोणी दाद देत नसेल, विशेष मदतीची गरज असूनही ती मिळत नसेल, तर रेटिंग न पाहता हलावं. राज्यातल्या राज्यात हललात तर जुन्या आयईपीप्रमाणे (विशेष मदतीच्या लेखी आराखड्याप्रमाणे) तशाच सोयी नव्या डिस्ट्रिक्टला सुरुवातीला द्याव्याच लागतात. घराची किंमत टिकते, हा मुद्दाही खरा आहे, पण तो गुंतवणुकीच्या वहीत मांडावा, शिक्षणाच्या नव्हे. घर घेताना त्या पत्त्याला नेमकी कोणती शाळा येते आणि हद्दी नव्याने आखण्याचं डिस्ट्रिक्टच्या मनात आहे का, हे स्कूल बोर्डाच्या सभांच्या इतिवृत्तांत तपासा. ती इतिवृत्तं सर्वांना पाहता येतात, आणि बोली लावण्याआधीची एक संध्याकाळ त्यासाठी पुरते.