सात जणांचा डाव

आपल्याकडे एप्रिल महिना म्हणजे परीक्षांचे दिवस आणि उन्हाची काहिली. दुपारच्या वेळी मैदानाकडे फिरकण्याची कोणाची छाती होत नाही. पण स्कॉटलंडच्या दक्षिण भागात याच महिन्यात हिवाळा ओसरू लागतो. झाडांना पालवी फुटते, गवत हिरवेगार होते आणि लोक घराबाहेर पडतात. तेथे ट्वीड नदीच्या जवळ मेलरोज नावाचे एक गाव आहे. वस्ती दोन-अडीच हजारांची. गावात एक जुना, पडका पण देखणा मठ आहे. पाठीशी आयल्डन नावाची तीन शिखरांची टेकडी आहे आणि गावालाच लागून एक मैदान आहे. त्याचे नाव ग्रीनयार्ड्स. एप्रिलमधील एका शनिवारी या मैदानावर गावाच्या वस्तीच्या कितीतरी पट माणसे गोळा होतात. सकाळपासून संध्याकाळपर्यंत सामन्यामागून सामने होतात. प्रत्येक संघात खेळाडू मात्र सातच असतात. हा सात जणांचा रग्बी खेळ याच गावात जन्मला. तोही हौसेने नव्हे, अडचणीतून!

रग्बी हा खेळ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला नसेल. फुटबॉलसारखाच हा मैदानी खेळ आहे. पण चेंडू गोल नसून लांबट, अंड्याच्या आकाराचा असतो. तो हातात घेऊन पळता येते. मात्र हाताने पुढच्या दिशेला फेकता येत नाही. सोबत्याला चेंडू द्यायचा तर तो आडवा किंवा मागे द्यायचा आणि आपण पुढे सरकायचे. नवख्या माणसाला ही गोष्ट चमत्कारिक वाटते. प्रतिपक्षाच्या टोकाच्या रेषेपलीकडे जाऊन चेंडू जमिनीला टेकवला, की 'ट्राय' होतो. आजच्या नियमानुसार ट्रायचे पाच गुण मिळतात. नंतर दोन खांबांच्या मधून, आडव्या दांडीवरून चेंडू मारला तर आणखी दोन. नेहमीच्या रग्बीत प्रत्येक बाजूला पंधरा खेळाडू असतात आणि सामना ऐंशी मिनिटे चालतो.

आता १८८३ सालची गोष्ट. मेलरोजचा क्लब तेव्हा अवघा सहा वर्षांचा होता. खेळाडू होते, उत्साह होता. पण तिजोरी रिकामी होती. जमाखर्चाची तोंडमिळवणी होईना. असेच चालले तर क्लबला कुलूप लावावे लागणार, हे सर्वांना दिसत होते. वर्गणी तरी किती मागणार? आणि कोणाकडे?

क्लबमध्ये नेड हेग नावाचा पंचविशीतला एक खेळाडू होता. तो व्यवसायाने खाटीक. जेडबर्ग या गावी जन्मलेला हा तरुण मेलरोजला येऊन एका मांसाच्या दुकानात काम करी. त्याने एक शक्कल सुचवली. गावात क्रीडामहोत्सव भरवावा, त्यात रग्बीच्या सामन्यांची स्पर्धा ठेवावी आणि तिकिटे लावावीत. कल्पना सर्वांना पटली. पण हिशेब जमेना. पंधरा-पंधरा खेळाडूंचे इतके सामने एका दुपारात कसे उरकणार? एकाच सामन्यात निम्मा दिवस जाणार. तेव्हा उपाय निघाला तो असा, की खेळाडू कमी करावेत आणि वेळही कमी करावा. संघात सात जण आणि सामना पंधरा मिनिटांचा. या कल्पनेचे काही श्रेय क्लबचेच दुसरे खेळाडू डेव्हिड सँडरसन यांनाही देतात. तेही खाटीकच. दोघांपैकी कोण आधी बोलले, या वादात आपण कशाला पडा!

२८ एप्रिल १८८३ हा शनिवार ठरला. गावातील स्त्रियांनी विजेत्या संघासाठी एक चषक दिला. म्हणून त्याला 'लेडीज कप' असे नाव पडले. गाला, सेलकर्क, हॉइक, अर्लस्टन अशा आसपासच्या गावांतून संघ आले. त्यांच्या मागोमाग प्रेक्षक आले. रेल्वेने खास गाड्या सोडल्या. त्या दिवशी मेलरोजच्या स्टेशनावर सोळाशेच्या आसपास तिकिटे गोळा झाली. लहानशा गावाला ही जत्राच! रग्बीबरोबर धावण्याच्या शर्यती होत्या, चेंडू पायाने घोळवत नेण्याच्या आणि लांब मारण्याच्या चढाओढीही होत्या. पण लोकांची नजर खिळली ती सात जणांच्या सामन्यांवर.

अंतिम सामना मेलरोज आणि गाला यांच्यात झाला. या दोन गावांचे वैर जुने होते. गालाशील्स मेलरोजपासून सहा-सात किलोमीटरवर आहे. पूर्वी दोन्ही गावांचा मिळून एकच क्लब होता. पुढे मेलरोजची मंडळी वेगळी झाली. जाताना त्यांनी रात्रीच्या अंधारात गोलचे खांबही उपटून नेले, असे तिकडे आजही हसत हसत सांगतात. तेव्हा हा सामना साधा नव्हता.

पंधरा मिनिटे संपली. एकाही संघाला गुण मिळाला नाही. मग आणखी पंधरा मिनिटे खेळायचे ठरले. त्यांपैकी दहा मिनिटे झाली असतील-नसतील, तोच मेलरोजने ट्राय केला. आणि ट्राय होताच ते सातही जण मैदानाबाहेर निघून गेले! आम्ही जिंकलो, चषक आमचा, असे त्यांचे म्हणणे. गालाच्या खेळाडूंनी तकरार केली. पंधरा मिनिटे ठरली आहेत, पाच मिनिटे अजून बाकी आहेत, तोवर निकाल कसा लागेल? (तकरार हा शब्द तुम्हांला मुद्दाम समजावून सांगायला नको, तो तुमच्या घरचाच आहे.) खूप गलका झाला; पण चषक मेलरोजकडेच राहिला. मला विचाराल तर गालाचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. वेळ ठरवली असेल तर ती पुरी खेळली पाहिजे. पण यजमानांच्याच मैदानावर, यजमानांच्याच गावात न्याय मागणे अवघड असते.

काही का असेना, क्लब वाचला. आणि खेळ पसरला. शेजारच्या गावांनी पुढच्या वर्षांत आपापल्या स्पर्धा सुरू केल्या. १९२६ मध्ये लंडनजवळ ट्विकनहॅम येथे मिडलसेक्स स्पर्धा सुरू झाली. तीही वसंत ऋतूत, हंगामाच्या शेवटी. या स्पर्धेत मोठमोठे क्लब उतरत. पण लफबरो येथील कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी १९५९, १९६४, १९६६, १९७० आणि १९७६ अशी पाच वेळा ती जिंकली. याचे कारण उघड आहे. मैदान पूर्ण आकाराचे, म्हणजे साधारण शंभर मीटर लांब आणि सत्तर मीटर रुंद. आणि ते राखायला माणसे सात. वजनदार गडी येथे थोड्या वेळात धापा टाकू लागतो. विशीतल्या पोरांच्या पायांत वारा असतो.

कॉलेजचा संघ अशा स्पर्धेला जातो, तेव्हा त्याचा शनिवार-रविवार कसा जातो, हेही सांगण्यासारखे आहे. आदल्या रात्री बसचा प्रवास. सकाळी लवकर मैदानावर हजर. हल्लीच्या नियमांनी सात मिनिटांचा एक डाव, दोन मिनिटे विश्रांती आणि पुन्हा सात मिनिटे. म्हणजे चहा गार होईपर्यंत सामना संपतो! मग दोन-तीन तास नुसते बसून राहायचे. खरी कसोटी या बसून राहण्याचीच. अंग गार पडते, पाय आखडतात. पोटभर जेवावे तर पळता येत नाही. उपाशी राहावे तर जोर राहत नाही. मग कोणी केळी खातो, कोणी घोंगडी पांघरून पडतो. पुन्हा शिट्टी वाजते आणि पुन्हा सात मिनिटे जीव तोडून धावायचे. एखादा खेळाडू चेंडू घेऊन निसटला आणि आपण एकच पाऊल उशीर केला, तर मागे दुसरे कोणी नसते. पंधरा जणांत एकाची चूक झाकली जाते. सात जणांत ती साऱ्या मैदानाला दिसते.

नियमांतही एक गंमत आहे. पंधरा जणांच्या रग्बीत ज्या संघावर गुण होतात, तो चेंडू मारून खेळ पुन्हा सुरू करतो. सात जणांच्या खेळात ज्याने गुण मिळवले त्यालाच चेंडू मारावा लागतो. त्यामुळे मागे पडलेल्या संघाला चेंडू मिळण्याची संधी अधिक असते आणि शेवटच्या मिनिटाला सामना उलटू शकतो.

मेलरोजचा क्लब पैशांसाठी धडपडत होता, त्याच्या पाच वर्षे आधी आपल्या देशात नेमके उलट घडले होते. कलकत्त्यातील इंग्रजांनी १८७३ मध्ये रग्बीचा क्लब काढला. सैनिकांची एक पलटण बदलून गेली, हवा खेळाला मानवेना, लोक टेनिस आणि पोलोकडे वळले. क्लबला खेळाडू मिळेनात. बँकेत पैसे मात्र शिल्लक होते. १८७८ मध्ये क्लब बंद करताना त्यांनी ते चांदीचे रुपये काढले, वितळवले आणि त्यांचा चषक घडवला. त्यासाठी २७० रुपये लागले. चषकाच्या तीन मुठी नागाच्या आकाराच्या आहेत आणि झाकणावर हत्ती आहे. १८७९ पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड हे देश या 'कलकत्ता कप'साठी खेळतात. मेलरोजकडे माणसे होती, पैसा नव्हता. कलकत्त्याकडे पैसा होता, माणसे नव्हती. यांतला कोणता क्लब टिकला, ते तुम्हांला ठाऊकच आहे.

मुंबईतही हा खेळ रुजला. आझाद मैदानाला लागून असलेल्या बॉम्बे जिमखान्यात पावसाळ्यात, चिखलातच, रग्बी रंगते. मऊ जमिनीवर पडले तर कमी लागते, हे त्यामागचे साधे कारण. २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत सात जणांच्या रग्बीचे सामने झाले, तेव्हा भारताचा संघही त्यांत उतरला होता.

१९९३ मध्ये या खेळाची पहिली विश्वचषक स्पर्धा एडिंबरो येथे झाली. ती इंग्लंडने जिंकली. त्या चषकाचे नाव 'मेलरोज कप'. २०१६ मध्ये रिओ येथे हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला. अंतिम सामन्यात फिजीने ग्रेट ब्रिटनचा ४३-७ असा फडशा पाडला. दहा लाखांहून कमी वस्तीच्या त्या देशाचे ते ऑलिंपिकमधले पहिलेच पदक होते, आणि तेही सोन्याचे. नेड हेगला यातले काही पाहायला मिळाले नाही. तो १९३९ मध्ये वारला.

ज्या रेल्वेने १८८३ मध्ये प्रेक्षक आणले, ती १९६९ मध्ये बंद पडली. मेलरोजला गाडी येईनाशी झाली. २०१५ पासून एडिंबरोहून ट्वीडबँकपर्यंत पुन्हा गाड्या धावू लागल्या. ते स्टेशन मेलरोजपासून तीनएक किलोमीटरवर आहे. स्पर्धेच्या शनिवारी लोक तेथे उतरतात आणि गप्पा मारत, ट्वीड नदीच्या बाजूने ग्रीनयार्ड्सकडे चालू लागतात.

स्वाध्याय

१. मेलरोजच्या क्लबपुढे कोणती अडचण होती?
२. संघात सातच खेळाडू का ठेवले?
३. अंतिम सामन्यानंतर गालाच्या खेळाडूंनी तकरार का केली? तुम्ही पंच असता तर काय निकाल दिला असता?
४. 'कलकत्ता कप' कसा तयार झाला, ते चार-पाच वाक्यांत लिहा.
५. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : छाती न होणे, तोंडमिळवणी न होणे, जीव तोडून धावणे, फडशा पाडणे.
६. पाठातील जे शब्द उर्दूतही वापरले जातात, त्यांची यादी करा. उदा. मैदान, शक्कल.