बोलायचे खरे, पण कोणाशी?



ताप आला तर आपण दोन दिवस वाट पाहतो आणि तिसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जातो. गुडघा दुखू लागला तर चार जणांना विचारून हाडांच्या डॉक्टरांचा पत्ता काढतो. पण रात्र रात्र झोप लागत नाही, सकाळी उठावेसे वाटत नाही, उगाच रडू येते, लोकल ट्रेनमध्ये अचानक छाती धडधडू लागते आणि आता आपण मरणार असे वाटते, अशा तक्रारी घेऊन माणूस महिनोन् महिने घरात बसून राहतो. फार तर ईसीजी काढतो. तो चांगला येतो आणि घरचे म्हणतात, "बघ, तुला काही झालेले नाही." त्या वाक्यानंतर तो माणूस बोलायचा थांबतो.

असे किती जण असतील? बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ साली देशातील बारा राज्यांत पाहणी केली. प्रौढांपैकी शंभरात सुमारे दहा जणांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता. नैराश्य, चिंता यांसारख्या नेहमीच्या आजारांत तर शंभरातल्या पंच्याऐंशी जणांना कसलाच उपचार मिळालेला नव्हता. रविवारच्या मिस्सेला आपल्या बाकावर कोण कोण बसते ते आठवून पाहा, म्हणजे या आकड्याचा अर्थ कळेल.

उपचार न मिळण्याचे एक कारण आपल्या बोलण्यातच आहे. "याला ठाण्याला पाठवायला हवे" हे आपण किती सहज, हसत हसत म्हणतो! ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ सालापासूनचे. राज्यात अशी चार, बाकीची पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला. तिथे कितीतरी लोक बाह्यरुग्ण विभागात दाखवून, औषध घेऊन त्याच दिवशी घरी जातात. पण आपल्या मनात एकच चित्र बसले आहे, आणि त्या चित्राला भिऊन साधी चिंता किंवा उदासी असलेला माणूसही तोंड उघडत नाही. नैराश्य म्हणजे वेड नव्हे आणि आळसही नव्हे. ते श्रद्धा कमी पडल्याचे लक्षण तर मुळीच नव्हे.

श्रद्धेचा प्रश्न निघालाच आहे, तर पहिले राजे या पुस्तकाचा अध्याय १९ घरी शांतपणे वाचावा. बआलाच्या पुजाऱ्यांना एकट्याने तोंड देणारा एलिया संदेष्टा ईजबेल राणीची धमकी ऐकून पळतो, रानात रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि आता मरण यावे असे देवाला सांगतो. देव त्याला रागावत नाही. दूत त्याला भाकरी आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खाऊ घालतो. मग होरेब डोंगरावर देव त्याला विचारतो, तू इथे काय करतोस? एलिया आपले दुःख सांगतो. देव तोच प्रश्न पुन्हा विचारतो आणि एलिया तेच उत्तर जवळजवळ शब्दशः पुन्हा देतो. दोन्ही वेळा ऐकून घेतले जाते. त्यानंतरच त्याला पुढची कामे नेमून दिली जातात, अलीशासारखा सोबती मिळतो, आणि तो समजतो तसा एकटा नाही, सात हजार जण उरले आहेत, हे त्याला सांगितले जाते. आधी झोप आणि अन्न, मग ऐकणे, मग छोटी छोटी कामे आणि माणसांची सोबत, हा क्रम लक्षात ठेवावा. आजचे बोलण्याचे उपचारही बरेचसे याच वाटेने जातात.

बोलण्याचा उपचार म्हणजे नुसते मन मोकळे करणे नव्हे. ते तर शेजारणीकडेही होते, आणि संध्याकाळपर्यंत आळीभर होते! समुपदेशक आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, साधारण पाऊण तास भेटतो. पहिल्या भेटीत त्रास कधी सुरू झाला, झोप, भूक, काम, दारू, घरची माणसे यांविषयी विचारतो. पुढे आपले विचार, भावना आणि वागणे एकमेकांत कसे अडकले आहेत हे दोघे मिळून पाहतात. "मी एकदा चुकले म्हणजे मी वाईट आई आहे" अशी वाक्ये डोक्यात सतत चालू असतात. ती पकडून तपासायची आणि दुरुस्त करायची. अमेरिकेत अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास आणि अॅरन बेक यांनी १९६० च्या दशकात या पद्धती बसवल्या. एलिस यांची विचारसरणी आपल्याकडे कि. मो. फडके यांनी रुजवली. घरी करायचा अभ्यासही मिळतो. तो केला नाही तर गुण येत नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

यासाठी मोठ्या पदव्या लागतातच असे नाही, हे आपल्या शेजारच्या गोव्यात सिद्ध झाले आहे. तेथील 'संगत' या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. मानसशास्त्राचे पूर्वशिक्षण नसलेल्या, स्थानिक भाषा बोलणाऱ्या साध्या माणसांना प्रशिक्षण दिले आणि त्यांनी नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ बैठका घेतल्या. भर एवढाच, की सुटलेली कामे, आवडीच्या गोष्टी आणि भेटीगाठी थोड्या थोड्या परत सुरू करायच्या. २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. तीन महिन्यांनी या रुग्णांपैकी ६४ टक्के लोकांचे नैराश्य ओसरले होते. ज्यांना हे समुपदेशन मिळाले नव्हते त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होते. आपल्या भाषेत, आपल्या माणसाशी, नेमाने बोलणे यात केवढी ताकद आहे पाहा.

आता जायचे कुठे? सुरुवात आपल्या फॅमिली डॉक्टरांपासून करावी. थायरॉईड, रक्ताची कमतरता, काही गोळ्यांचा परिणाम यांमुळेही मन खचते, म्हणून त्या तपासण्या आधी व्हाव्यात. त्यांना फक्त "अशक्तपणा आहे" असे सांगून टॉनिक घेऊन येऊ नये. "मन लागत नाही, मरणाचे विचार येतात" हे स्पष्ट बोलावे. सरकारचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून सुरू झाला; जिल्हा रुग्णालयात त्याची चौकशी करता येते. वसई-विरारहून लोकलने जाणाऱ्यांना मुंबई सेंट्रलचे नायर रुग्णालय सोयीचे, परळचे केईएमही आहे. दोन्हीकडे मनोविकार विभाग आहे आणि केसपेपरचा खर्च नाममात्र असतो. गर्दी मात्र असते. डबा घेऊन सकाळी लवकर निघावे. घोडबंदर रस्त्याने ठाण्याला जाणाऱ्यांसाठी डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेली आयपीएच ही संस्था आहे, तिथे मराठीत काम चालते. गावातले कोणी पाहील ही भीती ज्यांना वाटते त्यांना दूरचे ठिकाण बरे पडते, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही.

घराबाहेर पडणेच जमत नसेल तर फोन आहे. १४४१६ हा 'टेली-मानस'चा क्रमांक, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू. दिवसरात्र चालतो, मोफत आहे, मराठीत बोलता येते. आधी समुपदेशक बोलतो, गरज असेल तर तज्ज्ञांकडे जोडून देतो.

खासगी ठिकाणी जाताना माणूस पारखून घ्यावा. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे सायकिअॅट्रिस्ट हे एमबीबीएस नंतर पुढे शिकलेले डॉक्टर. औषध तेच देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, तिचा क्रमांक विचारावा. 'समुपदेशक' हा शब्द फार सैल वापरला जातो. शिक्षण काय, फी किती, साधारण किती बैठका लागतील, हे पहिल्याच भेटीत विचारण्यात उद्धटपणा नाही. तीन-चार बैठकांनंतरही सूर जुळला नाही तर दुसरा समुपदेशक पाहावा. उपचारच खोटा असा निष्कर्ष काढू नये. आणि गोळ्या चालू असतील तर "आता बरे वाटते" म्हणून मनाने बंद करू नयेत.

बरेच जण विचारतात, "आम्ही पापनिवेदन करतो, मग समुपदेशक कशाला?" प्रायश्चित्त संस्कारात आपण पापांची क्षमा मागतो. आजार हे पाप नव्हे, त्याची क्षमा कशी मागणार? उलट, क्षमा मिळालेली पापे नीट सांगितली गेली की नाही या शंकेने पुन्हा पुन्हा पापनिवेदनाला येणारे भाविक असतात. संत इग्नेशियस यांना १५२२ साली मान्रेसा येथे हाच छळ झाला, अगदी जीव द्यावासा वाटण्यापर्यंत. अशा वेळी धर्मगुरूच त्या व्यक्तीला तज्ज्ञांकडे जायला सांगतील. बेन सिराच्या पुस्तकात (अध्याय ३८) प्रार्थना आणि वैद्य दोघांनाही जागा दिलेली आहे. नोव्हेना सोडण्याची गरज नाही, अपॉइंटमेंट घेण्याची आहे.

गुप्तता हा दुसरा प्रश्न. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, जो २०१८ च्या मे महिन्यात लागू झाला, रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. कोणाच्या जिवाला धोका दिसला तर उपचार करणाऱ्याला अपवाद करता येतो. पापनिवेदनाच्या मोहोरेला मात्र अपवादच नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

घरच्यांसाठी एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. कोणी "जगण्यात अर्थ नाही" म्हणाले तर विषय बदलू नये. "जीव द्यावा असे मनात येते का?" असे सरळ विचारावे. विचारल्याने ते डोक्यात भरत नाही. बहुतेकांना सुटल्यासारखे वाटते. उत्तर 'हो' असेल तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नये, कीटकनाशके आणि साठवलेल्या गोळ्या घरातून हलवाव्यात, १४४१६ लावावा किंवा थेट रुग्णालयात न्यावे. पोलिसांच्या भीतीने लपवू नये: १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येचा प्रयत्न हा सरसकट गुन्हा उरलेला नाही. ज्या घरात अशी घटना घडून गेली आहे, त्यांनीही जाणावे की तीव्र मानसिक यातनेत माणसाची जबाबदारी कमी होते असे ख्रिस्तसभेची धर्मशिक्षा सांगते, आणि ख्रिस्तसभा त्या आत्म्यांसाठी प्रार्थना करते.

फोन लावताना काय बोलावे, असे काहींना वाटते. भाषण लागत नाही. "दोन महिने झोप नाही, कामात लक्ष लागत नाही, कोणाशी बोलावे कळत नाही" एवढे पुरे. पुढचे ते विचारतात. तेवढेही जमत नसेल तर घरातल्या कोणीतरी नंबर लावून फोन हातात द्यावा, आणि खोलीचे दार ओढून घेऊन बाहेर बसावे.