घरात आलेला साप

पावसाळा लागला की साप दिसू लागतात. असे का होते?

साप बिळात राहतो. बीळ त्याने स्वतः केलेले नसते. ते उंदराचे असते, घुशीचे असते, नाहीतर वारुळाचे. पहिला मोठा पाऊस पडतो आणि बिळात पाणी शिरते. मग साप कोरडी जागा शोधत निघतो. तुमच्या घराची भिंत दगडमातीची असते. तिच्या फटी कोरड्या असतात. दाराशी पऱ्हाटीचा आणि तुराट्यांचा ढीग असतो. गोठ्यापाशी कडब्याची गंज असते. घरात धान्याच्या कणग्या असतात आणि धान्यावर उंदीर असतात. सापाला आणखी काय हवे? तो तुम्हाला चावायला आलेला नसतो. तो उंदरामागे येतो, किंवा नुसता कोरड्याला येतो.

साप शेतकऱ्याचा मित्र आहे असे म्हणतात. ते खरे आहे. धामण एका हंगामात कितीतरी उंदीर फस्त करते. ते उंदीर जगले तर त्यांची पिल्ले होतील आणि तुमची ज्वारी पोत्यापोत्याने जाईल. पण मित्र म्हटला म्हणून त्याच्या गळ्यात पडायचे नसते. आपल्या देशात साप चावून दरवर्षी फार माणसे मरतात. सन २००० ते २०१९ या वीस वर्षांचा अभ्यास झाला आहे. त्यात वर्षाला सरासरी ५८ हजार मृत्यू निघाले. यांत बहुतेक लोक खेड्यातले होते. म्हणून सापाला मारायचे नाही आणि त्याला हातही लावायचा नाही. दोन्ही गोष्टी सारख्याच ध्यानात ठेवायच्या.

आपल्याकडे साप पुष्कळ जातींचे आहेत. त्यांतले बहुतेक बिनविषारी. माणसे मरतात ती मुख्यत्वे चार जातींनी: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे.

नाग फणा काढतो, तो सर्वांना माहीत आहे. घोणस जाड असते. तिच्या पाठीवर साखळीसारखे मोठे ठिपके असतात, आणि ती चिडली की कुकरच्या वाफेसारखा मोठा आवाज करते. फुरसे लहान, वीतभर-दोन वीत लांब, माळरानातल्या दगडाखाली बसणारे. ते अंगावरचे खवले एकमेकांवर घासते आणि करवतीसारखी खरखर होते. आपल्या मुरमाड माळांवर दगड उचलताना म्हणूनच आधी काठीने हलवावा.

मण्यारीबद्दल थोडे जास्त सांगितले पाहिजे. ती काळी असते, अंगावर बारीक पांढरे पट्टे असतात. ती रात्री हिंडते. जमिनीवर माणसे झोपलेली असतात, त्यांच्या अंथरुणात ती शिरते. कुशीवर वळताना ती अंगाखाली येते आणि चावते. तिचे दात इतके बारीक की पुष्कळदा खूणही दिसत नाही. सूज नाही, फारशा वेदना नाहीत. माणूस म्हणतो, काहीतरी चावले, मुंगी असेल. पुन्हा झोपतो. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, बोबडी वळते. घरचे म्हणतात, बाहेरची बाधा झाली. तेवढ्यात श्वास बंद पडतो. पावसाळ्याच्या दिवसांत पहाटे कुणाच्या पापण्या अशा मिटू लागल्या तर साप दिसला नसला तरी दवाखाना गाठावा. खाटेवर झोपणे आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचणे, हा मण्यारीवरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

कवड्या नावाचा एक बिनविषारी साप मण्यारीसारखाच दिसतो. डुरक्या घोणस बिनविषारी, पण घोणशीच्या पिल्लासारखी दिसते. चांगले जाणते लोकही रात्रीच्या अंधारात इथे फसतात. म्हणून "मी ओळखतो, हा बिनविषारी आहे" असे म्हणणाऱ्या शेजाऱ्याचे ऐकू नका.

आता घरात साप निघाला, तर काय करायचे?

आरडाओरड करू नका. सापाला बाहेरचे कान नसतात. आपली हाक त्याला हाकेसारखी कळत नाही, पण जमिनीची थरथर लगेच कळते. दहा माणसे धावली की तो घाबरतो आणि अडगळीत शिरतो. मग तो सापडत नाही. मुले आणि जनावरे बाहेर न्या. आतल्या खोलीचे दार लावा आणि दाराखालची फट गोणपाटाने बुजवा. बाहेरचे दार उघडे ठेवा. एका मोठ्या माणसाने दहा-बारा हात दूर उभे राहून नुसती नजर ठेवावी. पुष्कळदा साप आपल्या आपण निघून जातो. रॉकेल, फिनेल, धूर यांतले काही करू नका. त्याने साप होरपळतो, पिसाळल्यासारखा धावतो आणि समोर येईल त्याला चावतो.

साप गेला नाही तर वनखात्याला फोन करा. महाराष्ट्रात वनखात्याचा क्रमांक १९२६ आहे. रुग्णवाहिकेचा क्रमांक १०८ आहे. आता तुम्हाला लिहिता येते. हे दोन्ही आकडे आजच दाराच्या आतल्या बाजूला खडूने मोठे लिहून ठेवा. त्याखाली आपल्या जवळच्या ग्रामीण रुग्णालयाचे नाव लिहा. साप निघाल्यावर आकडे आठवत नाहीत.

कधी साप विहिरीत पडतो. विहीर बांधीव असली तर त्याला चढता येत नाही, तो पोहून पोहून दमतो. काही लोक वरून दगड मारतात. तसे करू नका. एखादे लांब, खडबडीत लाकूड पाण्यापर्यंत तिरपे सोडून ठेवा. धामण असेल तर ती रात्रीतून चढून जाते. मात्र काठावर वाकू नका, आणि कुणी खाली उतरू नका. कधी साप भाजीच्या मळ्याभोवती लावलेल्या नायलॉनच्या जाळीत अडकतो. ओढले की जाळी त्याच्या अंगात रुतते. ती जाणकार माणसाने कात्रीने एकेक धागा कापून काढायची असते. तो येईपर्यंत आपण एवढेच करावे: लांबूनच काहीतरी आडवे उभे करून त्यावर सावली पाडावी. साप आपल्यासारखा घाम गाळत नाही. तापलेल्या उन्हात तो थोड्याच वेळात मरतो.

आणि चावलाच तर? चावल्या जागी कापू नका, चोखू नका, करकचून दोरी बांधू नका. मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. अंगठी, बांगडी, जोडवी, पैंजण लगेच काढा, कारण सूज आली की ती निघत नाहीत. हात किंवा पाय फळी लावून सैल बांधा, म्हणजे तो हलणार नाही. माणसाला चालू देऊ नका. १०८ ला फोन करा, गाडी हाताशी असेल तर तीच घ्या. सरकारी दवाखान्यात प्रतिविष मोफत देतात. नाग आणि मण्यार यांचे विष नसांवर चालते आणि श्वास थांबतो. घोणस आणि फुरसे यांचे विष रक्त बिघडवते, हिरड्यांतून रक्त येते, लघवी लाल होते. दोन्हींवर औषध एकच, ते म्हणजे प्रतिविष. श्वासाचे यंत्र लागले तर आपल्या छत्रपती संभाजीनगरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. सारा मुलूख त्याला घाटी म्हणतो.

हे प्रतिविष कसे होते, ठाऊक आहे? सापाचे विष अगदी थोडे थोडे घोड्याला टोचतात. घोडा मरत नाही. त्याच्या रक्तात विषाला मारणारे द्रव्य तयार होते. ते रक्तातून काढून शुद्ध करतात आणि बाटलीत भरतात. मुंबईच्या परळ भागात हाफकिन संस्था आहे. ती १८९९ साली प्लेगच्या लसीसाठी सुरू झाली. हाफकिनच्या नावाने प्रतिविषाच्या बाटल्या पुढे महाराष्ट्रभर गेल्या. ज्या सापाने माणूस मरतो, त्याच्याच विषावाचून त्याचे औषध होत नाही.

आता दुसरी गोष्ट. समजा, तुमच्या नातवाने सापाचे पिल्लू धरले आणि काचेच्या बरणीत घालून घरी आणले.

"आबा, म्या धरलाय. पाळू का ह्याला?"

"कुठं घावला रं?"

"पऱ्हाटीखाली. बारकाच हाय. दूध घालतो त्याला."

"बरणी खाली ठेव. हळू. सावलीत ठेव. झाकणाला हात लावू नको."

आबांनी बरोबर केले. बारीक पिल्लू म्हणजे निरुपद्रवी असे नव्हे. नागाचे पिल्लू अंड्यातून निघते तेव्हाच त्याला विष असते. बरणी उन्हात राहिली तर पिल्लू आत भाजून मरते. झाकण उघडले तर ते चावेल. म्हणून बरणी तशीच सावलीत ठेवून १९२६ ला फोन करायचा.

आणि पाळायचे? ते आपल्याला करता येत नाही. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. त्याप्रमाणे आपल्या रानातला साप पकडणे, पाळणे, विकणे, मारणे हा गुन्हा आहे. त्याला कैद होते आणि दंडही होतो. मांडूळ म्हणून एक बिचारा साप आहे. त्याची शेपटी तोंडासारखी दिसते म्हणून त्याला दुतोंड्या म्हणतात. तो घरात ठेवला की गुप्तधन सापडते अशी अफवा ठगांनी उठवली. मांडूळ विकत घेताना आणि विकताना कितीतरी लोक पोलिसांच्या हाती लागले आहेत. धन कुणालाच सापडले नाही.

दुधाचेही तसेच. साप दूध पीत नाही. तहानेने मरायला आलेला साप पुढे ठेवलेले काहीही पितो, आणि ते दूध त्याला बाधते. पूर्वी गारुडी नागपंचमीआधी नागाला उपाशी ठेवत, त्याचे दात उपटत, तोंड शिवत, आणि मग घरोघर दूध पाजत. तो नाग पुढे फार दिवस जगत नसे. धामण म्हशीच्या पायाला विळखा घालून दूध पिते असेही म्हणतात. सापाला चोखता येत नाही, आणि त्याच्या दातांनी म्हैस गप्प उभी राहील का, हे म्हैस राखणाऱ्यानेच सांगावे. सांगली जिल्ह्यात बत्तीस शिराळा येथे पूर्वी जिवंत नाग पकडून मिरवत. मुंबई उच्च न्यायालयाने त्याला बंदी घातली. नागाची पूजा करायची तर मातीच्या नागाची करावी, पाटावर काढलेल्या नागाची करावी. आपल्या आया-आज्या तशीच करत.

मग जखमी सापाचे काय होते? कुदळीने जखमी झालेला, जाळीत कापलेला साप वनखात्याच्या हाती जातो. त्याची नोंद होते. जनावरांचे डॉक्टर जखम धुतात, टाके घालतात. पुण्यात कात्रजला १९८६ साली सर्पोद्यान निघाले. नीलिमकुमार खैरे हे त्याचे पहिले संचालक. अशा ठिकाणी जखमी प्राण्यांची देखभाल होते. ती कशी करतात, हे पाहण्यासारखे आहे, म्हणजे घरात बरणीत का जमत नाही ते कळेल.

एका पेटीत एकच साप ठेवतात. दोन ठेवले तर एक दुसऱ्याला खाईल. नाग आणि मण्यार तर साप खातातच. पेटी आतून गुळगुळीत हवी. जाळीची असली तर साप नाक घासून घासून जखम करून घेतो. झाकणाला कडी हवी, कारण साप आपल्या डोक्याएवढ्या फटीतून निसटतो. तळाशी कागद घालतात, म्हणजे घाण झाली की लगेच बदलता येतो आणि जखम चिघळत नाही. एका बाजूला लपायला जागा हवी. उपडे मडके, कडेला दारासारखे फोडलेले, चालते. लपायला मिळाले नाही तर साप भीतीने खातच नाही. पाण्याचे भांडे जड असावे, नाहीतर तो ते उलथवतो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ऊब. आपल्या अंगात आपली ऊब असते. सापाची ऊब बाहेरून येते. म्हणून पेटीची एक बाजू उबदार आणि दुसरी थंड ठेवतात. साप स्वतःच कधी इकडे, कधी तिकडे जाऊन बसतो. ऊब नसेल तर पोटातले अन्न पचत नाही, ते कुजते. आल्या आल्या त्याला खायला देत नाहीत. दोन-चार दिवस शांत ठेवतात. मग जातीप्रमाणे उंदीर देतात, दिवडाला बेडूक किंवा मासे. रोज नाही, आठवड्यातून एकदा पुरते. खाल्ल्यावर त्याला हलवायचे नाही, हलवले तर तो ओकतो. त्याचे डोळे दुधासारखे निळसर झाले की कात टाकायची वेळ आली असे समजतात. तेव्हा त्याला नीट दिसत नाही, तो चिडका होतो, खात नाही. त्या दिवसांत पेटीत ओलावा थोडा वाढवतात. कात अखंड निघाली, डोळ्यांवरचीही निघाली, तर साप बरा होत आहे असे मानतात. एवढे सगळे वहीत तारखेवार लिहितात: खाल्ले की नाही, वजन किती, जखम कशी.

हे काम करणाऱ्याने सापाशी खेळ करायचा नसतो. सापाला गळ्यात घालून फोटो काढणारे सर्पमित्र तुम्ही पाहिले असतील. त्यांतले काही साप चावून मेले आहेत. ज्याच्याजवळ लांब आकडा आणि पिशवी आहे, जो सापाचे तोंड हातात धरत नाही, बघ्यांना दूर करतो आणि वनखात्याला कळवतो, तोच माणूस बोलवावा.

साप बरा झाला की त्याला सोडतात. फार दूर नेत नाहीत. जिथे सापडला त्याच भागातला ओढा, झुडपे, वस्तीपासून बाजूला असलेला पडीक बघतात. अनोळखी मुलखात सोडलेल्या सापाला बीळ, पाणी काही माहीत नसते. तो भटकतो आणि मरतो. सुती पिशवीतून नेतात. धामण दिवसा हिंडणारी, तिला सकाळी सोडतात. मण्यारीला अंधार पडताना. पिशवी जमिनीवर आडवी ठेवून गाठ सोडतात आणि आकड्याने तळ उचलून मागे सरकतात. साप थोडा थांबतो, जीभ काढून हवा चाखतो आणि गवतात शिरतो. मग पिशवी आकड्यावरच उलटी करून पाहतात आणि झटकूनच घडी घालतात.