शक्यतो, जमल्यास, तर बरं

इंग्रजीतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत भाषांतर करण्यावर माझं घर चालतं, त्याला आता २२ वर्षं झाली. टेबलावर एक वही असते. कामात चुकलेले शब्द मी तिच्यात उतरवून ठेवते. तिची सर्वांत भरलेली पानं 'प्रेफरेबली', 'आयडियली', 'होपफुली' या तिघांची आहेत. जे व्हावंसं वाटतं, जे झालं तर उत्तम, ते सांगणारी ही क्रियाविशेषणं. कोशात प्रत्येकाचा अर्थ एका ओळीत मावतो, म्हणूनच मी त्यांच्याकडे बरीच वर्षं नीट पाहिलं नाही.

१. 'प्रेफरेबली'ला 'शक्यतो' पुरत नाही.

थायरॉइडच्या रुग्णांसाठी एका रुग्णालयाचं छोटं माहितीकार्ड मी मराठीत केलं होतं. लेव्होथायरॉक्सिनची गोळी नाश्त्याच्या आणि चहा-कॉफीच्या ३० ते ६० मिनिटं आधी घ्यायची असते. इंग्रजी वाक्यात 'प्रेफरेबली' होतं. हात सवयीनं चालला आणि मी लिहिलं, 'गोळी शक्यतो नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यावी.' छापून आलेल्या कार्डांतलं एक मावशीला नेऊन दिलं, कारण तिलाही तीच गोळी चालू होती.

चार महिन्यांनी तिचा टीएसएच तपासला, तर होता तिथेच. एका सकाळी तिच्या ओट्यापाशी उभी होते तेव्हा उलगडा झाला. सहाला चहा, सोबत दोन बिस्किटं, मग थायरॉइडची गोळी आणि त्याच पाण्याबरोबर कॅल्शियमची. कॅल्शियम थायरॉइडच्या गोळीचं औषध आतड्यातून रक्तात नीट जाऊ देत नाही. दोन्हींत चार तासांचं अंतर लागतं.

"अगं मावशी, आधी घ्यायची असं कार्डावर लिहिलंय ना?"

"शक्यतो लिहिलंय. मला उठल्या उठल्या चहा लागतो, मला नाही शक्य होत."

तिचं वाचन बिनचूक होतं. 'शक्यतो' हा शब्द आपल्या सोयीबद्दल बोलतो: जमेल तितकं, जमेल तेव्हा. 'प्रेफरेबली' ज्या लॅटिन क्रियापदातून आला त्याचा अर्थ 'पुढे धरणं'. दोन पर्यायांतला एक पुढे करायचा, कारण तो अधिक चांगला आहे. सोयीचा तिथे संबंधच नाही. नोकरीच्या जाहिरातीत 'अनुभवी उमेदवारास प्राधान्य' हे शोभतं, कारण तिथे खरोखर दोघांना शेजारी उभं करून एकाला निवडायचं असतं. औषधाच्या कार्डावर मात्र कारणच द्यावं लागतं. पुढच्या छपाईत मी वाक्य बदलून घेतलं: 'गोळी उपाशीपोटी घेतली तरच पुरती लागू पडते. चहा-नाश्ता त्यानंतर ३० ते ६० मिनिटांनी करावा. कॅल्शियमची गोळी चार तासांनी.' ओळ वाढली. मावशीनं कार्ड फ्रिजच्या दारावर लावलं आणि चहाची वेळ पुढे ढकलली.

२. इच्छा कोणाची, ते विचारून घ्यावं.

ही इंग्रजी क्रियाविशेषणं इच्छा सांगतात, पण ती कोणाची हे सांगत नाहीत. लंडनच्या एका प्रकाशनसंस्थेतल्या संपादिकेनं मला 'प्रेफरेबली बाय थर्सडे' असं कळवलं होतं. मी ते 'जमल्यास गुरुवारपर्यंत' असं वाचलं आणि शनिवारी सकाळी, चार वेळा तपासून, समाधानानं काम पाठवलं. छपाईची पाळी शुक्रवारची होती. तिनं रागाचा एक शब्दही लिहिला नाही. तिचा गुरुवार म्हणजे गुरुवारच होता, 'प्रेफरेबली' ही फक्त तिकडची बोलायची रीत होती.

आपल्याकडेही हेच आहे. "चार वाजेपर्यंत आलीस तर बरं" हे सासूबाई म्हणाल्या आणि मैत्रीण म्हणाली, यांत अक्षर वेगळं नाही, वजन वेगळं आहे. ते वजन आवाजात असतं, नात्यात असतं. पत्रात ते पोचत नाही. म्हणून आता मी सरळ विचारते, शुक्रवारी मिळालं तर चालेल का? आणि माझ्या पत्रांत दोन तारखा देते, एक हवी असलेली आणि एक शेवटची.

३. 'तर बरं' इंग्रजीत नेताना 'बेटर'ला हात लावू नये.

कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका ज्येष्ठ लेखकांना मला इंग्रजीत पत्र लिहायचं होतं. मनात होतं, 'उरलेली प्रकरणं सोमवारपर्यंत पाठवलीत तर बरं होईल.' कागदावर उतरलं 'यू हॅड बेटर सेंड'. इंग्रजीत त्याची तंबी होते: पाठवा, नाहीतर बघा. प्रकरणं त्याच रात्री आली, सोबत एकाच ओळीचं कोरडं उत्तर. त्यानंतर त्यांनी मला कधी काम दिलं नाही. क्षमा मागायला हवी होती. पण माझं काय चुकलं हे मला कळलंच दोन वर्षांनी, आणि तोवर ते गेले होते. ती जागा अजून दुखते. आता तिथे मी 'इट वुड हेल्प इफ' लिहिते.

४. 'आयडियली' दिसलं की क्रियापदाकडे बघावं.

'आयडियली'चं 'आदर्शपणे' किंवा 'आदर्श परिस्थितीत' करणारी भाषांतरं वाचली की वाईट वाटतं. मराठीत आदर्श गाव असतं, आदर्श शिक्षक असतात. माती परीक्षण आदर्शपणे कोण करतं? शेतकऱ्यांसाठीच्या एका पत्रकात मूळ वाक्य होतं की 'आयडियली' पेरणीआधी माती तपासावी. त्यातलं 'तपासावी' हेच त्या शब्दाचं भाषांतर आहे, वेगळं काही लिहायचंच नाही. शाळेत आपण विध्यर्थ शिकलो, तो हाच. मोरो केशव दामल्यांनी १९११ सालच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त या 'करावा, करावी, करावे'ला वाख्यात म्हटलं आहे. इच्छा, योग्यता, कर्तव्य हे सगळं त्या एका प्रत्ययात बसतं. इंग्रजीला ज्यासाठी वेगळा शब्द आणावा लागतो ते मराठी क्रियापदाच्या शेवटी ठेवते, आणि मला याचं फार अप्रूप आहे.

मात्र 'आयडियली'पुढे 'वुड हॅव' आलं, तर गोष्ट निराळी. 'आयडियली आपण जूनमध्ये सुरुवात केली असती' याचा अर्थ जून गेला, सुरुवात झाली नाही. तिथे 'खरं तर जूनमध्येच सुरू करायला हवं होतं' असं लिहावं. एका अहवालात मी हा फरक न बघता 'जूनमध्ये सुरुवात करावी' लिहिलं होतं. बैठकीत लोक पुढच्या जूनची आखणी करू लागले.

५. 'होपफुली' ऐकणाऱ्याला आशा ऐकू येत नाही, वार ऐकू येतो.

'होपफुली'चा जुना अर्थ 'आशेनं': दाराकडे आशेनं पाहणं. 'आशा आहे की' या अर्थानं तो वाक्याच्या तोंडाशी बसू लागला तेव्हा इंग्रजीच्या राखणदारांनी कित्येक दशकं विरोध केला. असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेच्या शैलीपुस्तिकेनं तो वापर मान्य केला तो एप्रिल २०१२ मध्ये. मला तो वाद परका वाटतो. माझी अडचण आमच्या घरातली.

बाबा रुग्णालयात होते. डॉक्टर दारातूनच म्हणाले, "होपफुली संडेला घरी." आईनं फक्त 'संडे' ऐकलं. शनिवारी तिनं पलंगावरची चादर बदलली, उशीला नवा अभ्रा घातला, मऊ भातासाठी तांदूळ निवडून ठेवला. बाबा बुधवारी आले. ते चार दिवस ती त्या खोलीत गेली नाही. डॉक्टर खोटं बोलले नव्हते. दोन भाषांमध्ये उभं राहणं हाच माझा धंदा, आणि त्या दारात मी गप्प उभी होते. "रविवार त्यांना वाटतोय, नक्की नाही म्हणाले," एवढंच सांगायला हवं होतं. मराठीत खात्रीच्या किती पायऱ्या आहेत! 'होईल', 'होईल बहुतेक', 'व्हायला हरकत नाही', 'झालं तर बघू'. 'होपफुली' यांतल्या कुठल्या पायरीवर आहे, हे बोलणाऱ्याला विचारल्याशिवाय पुढे सांगू नये.

६. यंत्रांच्या पुस्तिकांत तक्ता मागावा.

इंटरनेटचे तांत्रिक नियम लिहिणाऱ्यांनी १९९७ मध्ये आरएफसी २११९ या टिपणात 'मस्ट', 'शुड' आणि 'मे' यांचे अर्थ बांधून टाकले. 'शुड' म्हणजे कारण असेल तर सोडता येईल, पण सोडण्याचे परिणाम पूर्ण समजून घेऊन. असा तक्ता मिळाला की माझं निम्मं काम होतं. 'ऑप्टिमली'साठी परिभाषेत 'इष्टतम' आहे, तो अभियंत्यांच्या पुस्तिकेतच राहू द्यावा.

७. पाकिटावरच्या तारखेत 'उत्तम' हवंच.

इटलीहून आलेल्या पास्त्याच्या पाकिटावर तारखेआधी 'प्रेफेरिबिलमेंते एंत्रो' छापलेलं असतं, म्हणजे या तारखेच्या आत खाल्लेलं अधिक चांगलं. इंग्रजीतलं 'बेस्ट बिफोर' तेच सांगतं. ही चवीची, खुसखुशीतपणाची तारीख. 'यूज बाय' ही सुरक्षिततेची, ती उलटली की खायचं नाही. गेल्या वर्षी एका घरगुती उद्योगाच्या भाजणीच्या पाकिटासाठी मजकूर करून दिला. इंग्रजीत 'बेस्ट बिफोर' होतं, मराठीत मांडणी करणाऱ्या मुलानं 'अंतिम तारीख' घातलं होतं. मी 'या तारखेपूर्वी वापरल्यास उत्तम' लिहून पाठवलं.

"ताई, एका ओळीत बसत नाही. 'उत्तम' काढू का?"

मी नको म्हटलं. शेवटी थालीपिठाच्या कृतीतली एक ओळ आखूड केली आणि ते बसवलं.