धाबे निराळे, पत्रा निराळा

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्यातले दोन शेजारी तालुके. मध्ये भीमा नदी. इकडे पाऊस कमी, म्हणून पूर्वी या भागात धाब्याची घरे पुष्कळ असत. जाड मातीच्या भिंती, त्यांवर लाकडी तुळया, तुळयांवर फळ्या किंवा काटक्या, आणि वर पांढरीच्या मातीचा जाड थर. असे हे धाबे.

या धाब्यावर आपण काय काय करीत होतो? मिरच्या वाळत घालीत होतो. कुरडया, पापड घालीत होतो. उन्हाळ्यात वर अंथरूण टाकून झोपत होतो. पोरे शेजारच्या धाब्यावर उड्या मारीत जात. घर पडके असेल तर गोष्ट वेगळी, पण चांगल्या धाब्याने कुणाला दगा दिला नाही.

त्यामुळे आपल्या पायांना एक सवय लागली. छप्पर म्हणजे चालायची जागा, असे आपल्या पायांना वाटते. डोक्याला ठाऊक असते की पत्रा म्हणजे धाबे नव्हे. पण पाय डोक्याला विचारून चालत नाहीत.

आता शिरूर तालुक्यात रांजणगावला, सणसवाडीला आणि दौंड तालुक्यात कुरकुंभला कारखाने आहेत. त्यांच्या शेडी वीस-वीस, तीस-तीस फूट उंच. वर लोखंडी पत्रे, कुठे सिमेंटचे पत्रे, आणि उजेड यावा म्हणून मधूनमधून फायबरचे पत्रे. आपल्या गावची किती तरी माणसे तिथे ठेकेदाराच्या हाताखाली जातात. पावसाळ्याआधी गळती बंद करायची, पन्हळीतला कचरा काढायचा, रंग द्यायचा, सूर्याच्या उन्हावर वीज करणाऱ्या काचा धुवायच्या, अशी वरची कामे निघतात.

आमच्या रात्रीच्या वर्गाला एक गृहस्थ येत. वय पन्नाशीच्या पुढे. सारे त्यांना आबा म्हणत. एके दिवशी ते आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. आठ दिवसांनी आले आणि पाटी न काढताच बसून राहिले. आम्ही विचारले, "आबा, काय झालं?"

"पुतण्या पडला. पत्र्यावरनं."

मग त्यांनी हळूहळू सांगितले. मे महिना होता. एका शेडचा पत्रा गळत होता. ठेकेदार म्हणाला, "दहा मिनिटांचं काम हाय. वर जाऊन डांबर लावून ये." पोरगा चढला. पट्टा अंगाला होता, पण त्याचा हूक कशालाच अडकवलेला नव्हता. अडकवायला वर काही नव्हतेच. पोरगा बोल्टच्या रांगेवरून सांभाळून चालला होता. परत येताना हातातला डबा कलंडला. तो सावरायला त्याने एक पाऊल बाजूला टाकले. ते फायबरच्या पत्र्यावर पडले. धुळीने तो पत्रा बाकीच्या पत्र्यांसारखाच दिसत होता.

पोरगा वाचला. पण पाठीचा कणा दुखावला. आता तो दुकानात बसतो. उभे राहायला त्याला काठी लागते.

त्या रात्री आम्ही अक्षरांचा धडा घेतला नाही. याच गोष्टीवर बोललो. जे बोललो ते इथे लिहितो.

आधी पत्रा समजून घेऊ. सिमेंटचा पत्रा साधारण सहा मिलिमीटर जाड असतो. म्हणजे आपल्या करंगळीच्याही जाडीपेक्षा कमी. तो वारा आणि पाऊस अडवायला केलेला आहे. पावसाचे वजन साऱ्या पत्र्यावर पसरते. माणसाचे वजन मात्र एका टाचेखाली येते. पत्र्याखाली चार-साडेचार फुटांवर आडवी लोखंडे असतात. मधल्या जागेत आधार काहीच नसतो. शिवाय उन्हापावसाने पत्रा वर्षावर्षाला ठिसूळ होतो. फायबरचा पत्रा तर उन्हाने आणखी लवकर कुजका होतो. कधी त्यावर रंग मारलेला असतो. मग तो ओळखूच येत नाही.

पुष्कळांना वाटते, बोल्टच्या रांगेवरून चालले म्हणजे झाले, कारण तिथे खाली लोखंड आहे. हे डोंबाऱ्याच्या दोरीवरून चालण्यासारखे आहे. दहा वेळा साधते. अकराव्या वेळी हातात डबा असतो, किंवा वारा येतो, किंवा कुणी खालून हाक मारतो. दोरीवरचा डोंबारी जन्मभर तेच करतो. आपण तर गळती बुजवायला चढलेले असतो.

एक जण म्हणाला, "पडायला लागलो तर काही तरी धरू की!"

आम्ही म्हटले, विहिरीत दगड टाकून पाहा. वीस फूट खोल पाणी असेल तर दगड सोडल्यावर तुम्ही "एक" म्हणून होईपर्यंत तो पाण्याला लागतो. जेमतेम एक सेकंद. माणूसही तसाच पडतो. आणि खाली पोचताना त्याचा वेग ताशी चाळीस किलोमीटरच्या जवळ असतो. गावातून एस. टी. जाते, तेवढा. एका सेकंदात हात काय धरणार? आणि वीस फूटच कशाला, बैलगाडीच्या उंचीवरून डोक्यावर पडूनही माणसे गेली आहेत.

मग करायचे काय? पहिला प्रश्न असा विचारावा की वर जायलाच हवे काय? पुष्कळदा नको असते. फुटका पत्रा खालून परांची बांधून बदलता येतो. माणसाला उचलणारी गाडी मिळते, तिच्या कठडा असलेल्या पिंजऱ्यात उभे राहून काम होते. मोठ्या कारखान्यांत आता अशी गाडी पुष्कळदा दिसते. तिचे भाडे पडते हे खरे. पण आबांच्या पुतण्याच्या दवाखान्याचा हिशेब आम्ही पाटीवर मांडला, तेव्हा भाडे फार वाटले नाही.

जावेच लागले तर वर जाण्याची वाट धड हवी. पत्र्याला लागून पक्का जिना असेल तर उत्तम. शिडी असेल तर ती फार उभी नको, फार पसरटही नको. भिंतीला चार फूट उंचीमागे शिडीचा पाय एक फूट दूर, हे माप धरावे. शेड वीस फूट उंच असेल तर शिडीचा पाय भिंतीपासून पाच फुटांवर येईल. शिडी छपराच्या कडेच्या वर तीन फूट तरी निघाली पाहिजे, म्हणजे उतरताना हाताला धरायला काही राहते. वरचे टोक बांधून टाकावे. चढताना दोन्ही हात मोकळे हवेत. डबा, हत्यारे मागाहून दोरीने वर ओढावीत. आणि शिडी लोखंडी असेल तर आधी वर पाहावे, विजेची तार जवळ आहे काय.

वर गेल्यावर पत्र्यावर पाय द्यायचा नाही. फळीवर द्यायचा. ही फळी निदान दोन फूट रुंद आणि इतकी लांब असावी की खालच्या तीन लोखंडांवर टेकेल. तिला आडव्या पट्ट्या ठोकलेल्या असाव्यात, म्हणजे उतारावर पाय घसरत नाही. फळ्या दोन घ्याव्यात. एकीवर उभे राहून दुसरी पुढे सरकवता येते. एकच फळी नेली तर ती हलवताना माणूस पत्र्यावर येतो, आणि पुन्हा तेच. फळीही वाऱ्याने उडू नये म्हणून बांधावी लागते. फायबरच्या पत्र्यांवर झाकण किंवा भोवती कठडा हवा.

खाली जाळी बांधली तर फार चांगले. याची एक गोष्ट आहे. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहराजवळ समुद्राच्या खाडीवर एक प्रचंड पूल आहे. त्याचे नाव गोल्डन गेट. १९३३ ते १९३७ या काळात तो बांधला. त्या काळी अशा कामात माणसे मरायचीच, असे लोक धरून चालत. इथे मात्र पुलाखाली मोठी जाळी टांगली. काम चालू असताना एकोणीस माणसे पडली ती जाळीत झेलली गेली आणि वाचली. पण १७ फेब्रुवारी १९३७ रोजी एक जड परांची तुटून जाळीवर कोसळली, जाळी फाटली आणि दहा माणसे गेली. जाळी माणसाला झेलते. लोखंडाच्या ढिगाला झेलत नाही. म्हणून परांची मजबूत नको असे होत नाही.

आता पट्ट्याविषयी, कारण सर्वांत जास्त गैरसमज इथेच आहे. नुसता कमरेचा पट्टा नको. माणूस पडला की तो पट्टा पोटात रुततो. खांद्यांवरून आणि मांड्यांतून येणारा पूर्ण अंगाचा पट्टा हवा. आणि तो अंगावर असून भागत नाही. त्याचा हूक पक्क्या जागी अडकलेला हवा. पन्हळीला, पाण्याच्या नळाला किंवा पत्र्याच्या बोल्टला अडकवलेला हूक हा न अडकवल्यासारखाच. शेडच्या मुख्य लोखंडाला बांधलेला मजबूत दोर, ही त्याची जागा. ती जागा कुठली, हे जाणत्या माणसाने आधी ठरवून द्यायचे असते. चढणाऱ्याने वर जाऊन शोधायचे नसते.

आणखी एक हिशेब फार थोड्यांना ठाऊक असतो. पट्ट्याची दोरी सहा फूट. झटका कमी करण्यासाठी तिच्यात घडी घातलेला भाग असतो, तो पडताना उलगडतो, ते साडेतीन-चार फूट. खाली माणसाचे अंग लोंबते. हूक जिथे अडकवला त्या जागेपासून खाली एकूण अठरा फुटांच्या आसपास मोकळी जागा लागते. बारा फुटांच्या छपरावर ही लांब दोरी लावली, तर दोरीने पुरता थांबवण्याच्या आत माणूस जमिनीला लागू शकतो. तिथे दोरी आखूड हवी, इतकी की माणूस कडेपर्यंत पोचूच नये. बैलाला दाव्याने बांधतो ना, पिकात तोंड जाऊ नये म्हणून? तेच.

आणि पट्ट्याने माणूस झेलला म्हणजे काम संपले नाही. लोंबकळत राहिलेल्या माणसाच्या पायांत रक्त साचते, आणि काही मिनिटांतच त्याची शुद्ध जाऊ शकते. त्याला खाली कसे घ्यायचे हे चढण्यापूर्वी ठरलेले असावे. म्हणून वर एकट्याने कधी जाऊ नये. कुणी जमिनीवर पडलाच, तर त्याला उचलून बसवू नका, पाणी पाजू नका. मान आणि पाठ हलू न देता आहे तसा ठेवून १०८ ला फोन करा. आबांच्या पुतण्याला चौघांनी हातापायांना धरून जीपमध्ये घातले होते. कण्याला किती इजा पडण्याने झाली आणि किती उचलण्याने, हे आता कोण सांगणार?

पाऊस, जोराचा वारा, पहाटेचे दव असताना वर जाऊ नये. वैशाखातल्या दुपारी लोखंडी पत्रा इतका तापतो की घेरी येते. काम सकाळी करावे.

इतके झाल्यावर एक तरुण म्हणाला, "हे सगळं खरं. पण ठेकेदार म्हणतो, तुला चढायचं नसेल तर दुसरा हाय. मग?"

याला आमच्याजवळ सोपे उत्तर नाही. घरी चूल पेटायची असते. पण कायदा काय म्हणतो एवढे तरी माहीत असावे. पडण्याजोग्या उंचीवर काम करणाऱ्याच्या बचावाची सोय मालकाने करायची, हे १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ३२ व्या कलमात आले होते. तो कायदा जाऊन २१ नोव्हेंबर २०२५ पासून २०२० ची नवी संहिता लागू झाली. जबाबदारी मात्र मालकाकडेच राहिली. कामगाराने पट्टा घरून आणायचा नसतो. समोर धोका दिसला तर तो वरिष्ठांना सांगण्याचा हक्क कामगाराला आहे. कामगार ठेकेदाराचा असला तरी भरपाईच्या वेळी ज्याच्या जागेत काम चालले होते त्या मालकाला अंग काढून घेता येत नाही. हे तत्त्व १९२३ च्या भरपाईच्या कायद्यापासून चालत आले आहे. अडचण येते ती पुराव्याची. हजेरीपुस्तकात नाव नसते. म्हणून पहिल्याच दिवशी नेमणुकीचे पत्र मागावे आणि विम्याचा नंबर लिहून घ्यावा. कारखान्यांवर देखरेख ठेवणारे सरकारी खाते आहे, त्याचे नाव औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय. तक्रार तिथे करता येते.

बऱ्याच कारखान्यांत वर चढण्यापूर्वी एक कागद भरतात. त्याला सारे 'परमिट' म्हणतात. त्यात लिहिलेले असते, शिडी तपासली, फळ्या आहेत, दोर बांधला, पट्टा दिला. खाली कामगाराची सही. पुतण्याच्या कागदावरही या सगळ्या ओळींपुढे खुणा होत्या आणि खाली त्याची सही होती. तो शाळेत गेलेला होता. वाचायला त्याला येत होते. "वाचायला वेळच दिला नाही," असे तो म्हणाला. वर्गात आम्ही तसला एक कागद फळ्यावर लिहून काढला आणि प्रत्येकाकडून एकेक ओळ वाचून घेतली. 'परांची' हा शब्द पुष्कळांना अडला.

आपल्या गावात मात्र परमिट नाही आणि तपासायला कुणी साहेबही येत नाही. कांद्याची चाळ, गोठा, कोंबड्यांची शेड, साऱ्यांवर तेच सिमेंटचे पत्रे. वादळानंतर पत्रा नीट करायला आपणच चढतो, अनवाणी, हातात हातोडा घेऊन. जुना सिमेंटचा पत्रा फोडताना, भोक पाडताना उडणारी धूळही छातीला वाईट, कारण त्यात अॅस्बेस्टॉस असते. तो ओला करून घ्यावा आणि तोंडावर चांगला मास्क लावावा. भुगा झाडूने उडवू नये.

आबांनी सुताराकडून दोन फळ्या करून घेतल्या. पट्ट्या ठोकलेल्या, टोकाला दोर बांधायला भोक असलेल्या. त्या त्यांच्या गोठ्याच्या भिंतीशी उभ्या असतात. गोठ्याचा पत्रा ते खालूनच बदलतात, पण फळ्या लोक मागून नेतात. नेणाऱ्याचे नाव आणि तारीख आबा भिंतीवर खडूने लिहून ठेवतात.