प्रोसेसर नवा, तरी काम संथ का?

प्रश्न : चार कोअरच्या जागी आठ कोअर, सोळा थ्रेडचा प्रोसेसर बसवला, तरी आइनस्टाइन ॲट होम या घरच्या संगणकांवर चालणाऱ्या खगोलशास्त्र प्रकल्पाचं एकेक काम जास्त वेळ घेतं. असं का? – एक वाचक, जुनवानी, भिलाई

उत्तर : एका कोअरवरचे दोन थ्रेड त्याची ताकद वाटून घेतात. त्यामुळे एकेक काम रेंगाळतं, पण दिवसभरात पूर्ण होणारी कामं सहसा वाढतात. आठवड्याचं एकूण काम मोजावं.

तेही घटलं असेल, तर पहिला संशय उष्णतेवर घ्यावा. भिलाईत मे महिन्यात पारा ४० अंशांपुढे जातो. कूलर जुनाच असेल, थर्मल पेस्ट नीट लागली नसेल, तर प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो. ही कामं चालवणारं बॉइंक सॉफ्टवेअर चालू असताना तापमान आणि वेग शेजारी शेजारी पाहावेत; तापमान चढताच वेग पडला, की चोर सापडला. उष्णता कारण नसेल, तर मेमरी अपुरी पडते का ते पाहावं; रॅमची एकच पट्टी असल्यास जोडीची दुसरी बसवावी.

हा खटाटोप सार्थकी लागणारा आहे. 2010 मध्ये आयोवा आणि जर्मनीतल्या स्वयंसेवकांच्या संगणकांनी याच प्रकल्पात नवा पल्सार (स्पंदक तारा) शोधला. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो वेधशाळेची माहितीही इथेच चाळली जाते.

तूर्त बॉइंकला निम्मेच थ्रेड देऊन आठवडाभर नोंद ठेवावी.